वेब्ली .४५५ : चिखलात बदनाम झालेलं आरमारी पिस्तूल

धागाकर्ता : गंजका खिळा
विभाग : इतिहास / शस्त्रं-अवजारं

लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आपल्याकडचा माणूस गेला की हत्तीच्या चिलखतापाशी अडकतो. अडकावंच. लेडी क्लाइव्हनं १८०१ साली इंग्लंडला नेलेलं ते चिलखत बघून झालं की पुढच्या दालनांसाठी पायांत जोर उरत नाही, आणि विसाव्या शतकातल्या पिस्तुलांची कपाटं लोक चालता चालता उरकतात. त्या काळातल्या एका पिस्तुलावर हा धागा.

नाव लांबलचक आहे : 'पिस्टल, सेल्फ-लोडिंग, वेब्ली अँड स्कॉट, ०.४५५ इंच, मार्क १'. कारखाना बर्मिंगहॅमचा, रचना विल्यम व्हाइटिंग यांची. १९१२ मध्ये ब्रिटिश आरमारानं ते स्वीकारलं. ब्रिटनच्या कुठल्याही सेनादलानं अधिकृतपणे घेतलेलं हे पहिलं सेल्फ-लोडिंग पिस्तूल. (चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, पण रिकामं काडतूस बाहेर फेकणं, पुढचं आत घेणं आणि घोडा चढवणं ही कामं पिस्तूल आपलं आपण करतं, म्हणून सेल्फ-लोडिंग.) वजन १.१ किलोच्या आसपास, नळी ५ इंची, मॅगझिनमध्ये ७ गोळ्या.

दिसायला मात्र अगदीच रुक्ष. सुताराच्या गुण्यासारखं : नळी आडवी, मूठ उभी, मधे जवळजवळ काटकोन. आजच्या पिस्तुलाची मूठ थोडी मागे कललेली असते, त्यामुळे हात लांब केला की नळी आपसूक निशाण्याकडे जाते. हे पिस्तूल तसंच धरलं तर जमिनीकडे बघतं, मनगट मुद्दाम वर करावं लागतं. काचेला नाक लावून पाहिलं तर कारखान्याचं नाव, साल, सरकारी मालाचा बाण आणि आरमाराचा 'एन' असे ठसे दिसतात. मुठीच्या तळाला दोरी अडकवायची कडी. मुठीच्या मागच्या कडेला एक पट्टी आहे, ती तळहातानं पुरती दाबल्याशिवाय चाप चालत नाही.

आता मुद्दा. या पिस्तुलाबद्दल कुठेही वाचा, एकच रड : नाजूक, चिखलात अडकतं, फसलेला प्रयोग. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलानं त्याची गाडी अडली हे खरंच आहे. पण विकत कोणी घेतलं होतं ते? आरमारानं! जहाजावर चिखल कुठून येणार? आणि हे एकट्या ब्रिटिशांचं नाही. इटलीच्या आरमारानं १८९९ मध्येच ५,००० माउझर पिस्तुलं मागवली. जर्मन आरमारानं १९०४ मध्ये लुगर घेतलं, जर्मन पायदळाला तिथवर यायला १९०८ उजाडलं. ब्रिटिश पायदळ तर पहिल्या महायुद्धातही रिव्हॉल्व्हरवरच राहिलं आणि दुसऱ्यातही मुख्यतः रिव्हॉल्व्हरच वापरत होतं.

माझं म्हणणं इतकंच की सुरुवातीची ही पिस्तुलं आरमारांना आधी पटली यामागे कारणं आहेत, आणि वेब्लीला त्या कारणांच्या हिशेबानं जोखायला हवं. हाणा.

सुरवंट
पहिला प्रतिसाद माझा! वाचनखूण साठवली. रात्री निवांत वाचतो.

मधली आळी
लेख आवडला, पण 'आरमारं पुढे, पायदळं मागे' हे सरसकट विधान मान्य नाही. स्वित्झर्लंडनं १९०० मध्ये लुगर स्वीकारलं, ते लष्करासाठीच. स्वित्झर्लंडला कुठलं आलंय आरमार? बेल्जियमच्या लष्करानं त्याच साली ब्राउनिंग घेतलं. ऑस्ट्रिया-हंगेरीनं १९०७ मध्ये घोडदळासाठी रॉथ-स्टायर घेतलं. तुम्हाला सोयीची तीन उदाहरणं काढून नियम बनवलाय.

गंजका खिळा
@मधली आळी, नियम नाही बनवला, कारण शोधतोय. स्विस आणि बेल्जियन उदाहरणं बरोबरच आहेत. पण ही छोटी सैन्यं आहेत, त्यांना थोडक्या पिस्तुलांत भागतं. ब्रिटन-जर्मनीसारख्या देशाच्या पायदळाला नवं पिस्तूल द्यायचं म्हणजे ढिगानं नग, शिवाय ती काडतुसं जगभरच्या छावण्यांत पोचवायची. आरमाराचं तसं नाही. जहाजावर मोजकी पिस्तुलं, तीही कुलपात. रोज कमरेला लावून कोणी फिरत नाही. पथक दुसऱ्या जहाजावर चढणार असेल किंवा किनाऱ्यावर उतरणार असेल तरच वाटायची, काम झालं की परत जमा. देखभालीला जाणता माणूस जहाजावरच. नवं, जरा नखरेल यंत्र सांभाळायला याहून चांगली जागा कुठली?

तुमचं रॉथ-स्टायरचं उदाहरण उलट माझ्याच पारड्यात पडतं. घोडेस्वाराचा एक हात लगामावर, नौसैनिकाचा एक हात दोरावर किंवा शिडीवर. दोघांनाही एका हातानं चालणारं, गोळ्या पटकन भरता येणारं काहीतरी हवं होतं.

निवृत्त नाविक
गंजका खिळा यांनी जहाजावरच्या व्यवस्थेबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. मी नौदलात गनरी शाखेत होतो, कोचीला आयएनएस द्रोणाचार्यवर प्रशिक्षण झालं. पायदळवाले ज्याला कोत म्हणतात तशी आमचीही हत्यारांची खोली असते. सही करून हत्यार घ्यायचं, सही करून परत द्यायचं, आणि परत देताना ते स्वच्छ आहे की नाही हे दुसरा माणूस बघतो. पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंदी, तेल. कंटाळवाणं काम, पण त्यावरच सगळं चालतं.

एक भर घालतो. चिखल नसला तरी खारा वारा असतो, आणि तो चिखलाहून वाईट. चिखल दिसतो तरी. मिठाचं तसं नाही. सांध्यांत बसतं आणि चार दिवसांनी तांबूस डाग उमटतो. तेव्हा जहाजावरचं आयुष्य सोपं होतं असं समजू नका. फरक एवढाच की तिथे हत्यार पुसायला वेळ, तेल आणि कोरडी जागा असते. खंदकात तिन्ही नसायचं.

चौकस बाई
मला पिस्तुलांतलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचायला मजा आली. एक बाळबोध प्रश्न : चिखलानं नेमकं काय अडतं? रिव्हॉल्व्हरमध्ये चिखल जात नाही का?

गंजका खिळा
@चौकस बाई, बाळबोध अजिबात नाही, सगळ्या धाग्याचा कणा तोच आहे.

रिव्हॉल्व्हरमध्येही चिखल जातो. पण तिथे सगळी कामं तुमचा हात करतो. चाप ओढायच्या जोरानं चक्री फिरते. अडली तर आणखी जोर लावा, चक्री हातानं फिरवा. वेब्लीचंच १९१५ चं मार्क ६ रिव्हॉल्व्हर घ्या : मधोमध मोडून उघडलं की सहाही रिकामी काडतुसं एका दमात बाहेर. शिपायांचा त्याच्यावर विश्वास होता.

सेल्फ-लोडिंगमध्ये ही कामं गोळीच्या धक्क्यातून येणाऱ्या शक्तीवर चालतात, आणि ती शक्ती मापातलीच असते. वेब्लीत नळीच्या दोन्ही अंगांना तिरप्या कडा कोरलेल्या आहेत. त्या सांगाड्यातल्या तिरप्या खाचांत बसतात. गोळी सुटली की नळी आणि वरची स्लाइड (म्हणजे वरचा सरकता भाग) एकमेकींना धरून थोडं मागे येतात. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते. मग तिरप्या खाचांमुळे नळी खाली घसरते, स्लाइडची पकड सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन काडतूस फेकते. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी या कडा-खाचा इतक्या घट्ट बसवल्या होत्या की मधे वाळू किंवा जळक्या कॉर्डाइटची (काडतुसातल्या दारूची) काजळी जायला जागाच नको. गेली की घर्षण वाढलं, स्लाइड अर्ध्यात थांबली, पिस्तूल बंद. ज्या नेमकेपणाचं आपण काचेमागून कौतुक करतो, चिखलात तोच आडवा आला.

आणखी एक गंमत मुठीच्या आत आहे. स्लाइडला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग बहुतेक पिस्तुलांत नळीजवळ गुंडाळलेली असते. इथे ती इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची चपटी पट्टी आहे, मुठीच्या बाजूच्या आवरणाखाली दडवलेली. बाहेरून काहीच कळत नाही.

सुरवंट
रात्री निवांत वाचलं. मॅगझिनबद्दल लिहा ना. कुठेतरी ऐकलंय की ते अर्धवट बाहेर काढूनही पिस्तूल चालायचं?

गंजका खिळा
बरोबर ऐकलंय, आणि मला या पिस्तुलातली सगळ्यांत जुन्या वळणाची गोष्ट हीच वाटते. मॅगझिनला अडकायच्या दोन जागा आहेत. पूर्ण आत ढकललं की नेहमीसारखं चालतं. किंचित खाली ओढून दुसऱ्या खाचेत अडकवलं की स्लाइड त्यातल्या गोळीला शिवत नाही. मग वरच्या खिडकीतून एकेक गोळी हातानं घालायची आणि झाडायची, सात गोळ्या राखीव. शत्रू अंगावर आला की मॅगझिन वर ठोकायचं.

त्या काळच्या ब्रिटिश लष्करी डोक्याला हे पटण्यासारखं होतं. सुरुवातीच्या ली-एन्फिल्ड रायफलींतही मॅगझिन झाकून ठेवायची आडवी पट्टी होती, हेतू हाच. शिपायाच्या हातात भराभर झाडता येणारं हत्यार दिलं की तो काडतुसं उधळणार, ही धास्ती. पिस्तुलात मात्र ही युक्ती फार कोणी वापरली असेल असं वाटत नाही. पिस्तूल काढायची वेळ येते तेव्हा समोरचा दहा पावलांवर असतो. तिथे कसली बचत करताय!

तांबडा रस्सा
ओळीत पुढचा किस्सा माझा. आरमाराला सेल्फ-लोडिंग पिस्तूल हवं होतं ते १९१२ च्या आधीपासून. ह्यू गॅबेट-फेअरफॅक्स नावाच्या गृहस्थानं 'मार्स' नावाचं राक्षसी पिस्तूल बनवलं होतं. शतकाच्या सुरुवातीला पोर्टस्मथजवळच्या व्हेल आयलंडवर, एचएमएस एक्सलंट या आरमाराच्या तोफखाना शाळेत, त्याच्या चाचण्या झाल्या. ताकद एवढी की त्या काळी दुसरं कुठलं पिस्तूल जवळपास नव्हतं. धक्का भयानक. वर रिकामी काडतुसं सरळ मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येत. चाचणी घेणाऱ्या कॅप्टननं शेरा मारला की ज्यानं एकदा हे झाडलं त्याला पुन्हा झाडायची इच्छा झाली नाही. बिचाऱ्या फेअरफॅक्सचं दिवाळं वाजलं, आणि शंभराच्या आत नग बनून मार्स संपलं.

त्याच्यापुढे वेब्ली म्हणजे सज्जन बाई.

मधली आळी
मार्सचा किस्सा भारी. पण माझा आक्षेप उरतोच. जहाजावर पिस्तूल चालवायची वेळ खरोखर किती आली? विसाव्या शतकात आरमारी लढाई म्हणजे मैलभर लांबून तोफा. दोर टाकून दुसऱ्या जहाजावर उड्या मारणं नेल्सनच्या काळातलं. म्हणजे ज्या कामासाठी पिस्तूल घेतलं ते कामच उरलं नव्हतं.

निवृत्त नाविक
@मधली आळी, एप्रिल १९१७, डोव्हरची सामुद्रधुनी. २० तारखेची रात्र संपून २१ लागताना जर्मन विनाशिकांची तुकडी आली. गस्तीवर एचएमएस स्विफ्ट आणि एचएमएस ब्रोक या दोनच. ब्रोकचा कप्तान एडवर्ड इव्हान्स, हाच पूर्वी कॅप्टन स्कॉटबरोबर अंटार्क्टिकावर गेला होता. त्यानं ब्रोक थेट जी-४२ या जर्मन विनाशिकेच्या कुशीत घुसवली. दोन्ही जहाजं एकमेकांत अडकली आणि जर्मन खलाशी ब्रोकच्या डेकवर आले. तिथे जी मारामारी झाली ती संगिनी आणि कटलास तलवारींनी. पुढच्या तोफांवरचा मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) डोनाल्ड गाइल्स डोळ्याजवळ जखमी झालेला, तरी हातात ऑटोमॅटिक पिस्तूल घेऊन आडवा उभा राहिला. एका दांडग्या जर्मनानं ते हिसकावायला झडप घातली, तेव्हा सोबतचे नौसैनिक धावून आले.

तेव्हा नेल्सनचा काळ पुरता संपला नव्हता. ब्रिटिश आरमारानं कटलास अधिकृतपणे बाद केली ती १९३६ मध्ये. आणि आजही समुद्री चाच्यांविरुद्ध किंवा तस्करीच्या संशयावरून जहाज थांबवलं की पथक शिडीनं चढतंच. शिडीवर रायफल पाठीला असते, हाताशी पिस्तूल.

मधली आळी
हे माहीत नव्हतं. +१. तरी एका रात्रीवरून पिस्तुलाला प्रमाणपत्र देणार नाही.

खारवी
जर्मन बाजूही येऊ द्या. १२ डिसेंबर १९०४ ला कैसरच्या आरमारानं लुगरची मागणी नोंदवली. ९ मिमी काडतूस, १५० मिमी नळी, नेम धरायच्या मागच्या साइटला १०० आणि २०० मीटर अशा दोन खुणा, आणि मुठीमागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता अडकवायची सोय. म्हणजे वेळ पडली तर छोटी बंदूकच. वेब्लीवाल्यांनी 'जवळच्या माणसाला आडवं करा' असा विचार केला, जर्मनांनी 'एका हत्यारात दोन कामं' असा. मला जर्मन विचार जास्त पटतो.

यातलं ९ मिमी काडतूस मुख्य. लष्करी नोकरीत ते पहिल्यांदा घेतलं याच आरमारानं. आज आपल्याकडच्या लष्करात नि पोलिसांत जे ९ मिमी चालतं ते हेच.

जाता जाता : २२ सप्टेंबर १९१४ ला मद्रासवर तोफा डागणारी एमडेन ही युद्धनौका याच आरमाराची. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांवर तिची तुकडी तारयंत्र मोडायला उतरली, आणि मागे ऑस्ट्रेलियाच्या एचएमएएस सिडनीनं एमडेनच निकामी केली. हेलमूट फॉन म्यूके यांची ती पन्नासेक माणसं आयेशा नावाचं जुनं शिडाचं जहाज पळवून, पुढे अरबस्तानातून लढत १९१५ मध्ये इस्तंबूलला पोचली. किनाऱ्यावर उतरणारं पथक म्हणजे काय, ते यावरून कळतं.

सुरवंट
अवांतर : आपल्याकडे सेल्फ-लोडिंग पिस्तूल म्हटलं की नाशिक आठवतं. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सन. पिस्तूल ब्राउनिंग. सावरकरांनी लंडनहून धाडलेली वीस ब्राउनिंग चतुर्भुज अमीन पेटीच्या चोरकप्प्यातून घेऊन आले होते. म्हणजे ब्रिटिश आरमारानं आपलं पहिलं सेल्फ-लोडिंग पिस्तूल निवडायच्या तीन वर्षं आधी तसलं पिस्तूल नाशकात पोचलं होतं!

तांबडा रस्सा
हा मुद्दा खतरनाक आहे. बेल्जियमच्या एफएन कारखान्याची ती ब्राउनिंग आकारानं आटोपशीर, म्हणून तर चोरकप्प्यात मावली. एवढी वेब्ली भरली असती तर पेटी उचलताच संशय आला असता.

संपादक मंडळ
नाशिक प्रकरणावर वेगळा धागा काढावा. इथे पिस्तुलापुरतंच राहू द्या. सावरकर या विषयावर हा धागा कुठे जाईल ते आपण सगळे जाणतो.

चौकस बाई
वेब्ली नाव ओळखीचं वाटत होतं. आमच्या मामांकडे परवान्याचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं, ते म्हणायचे ही वेब्लीची नक्कल.

गंजका खिळा
मामा बरोबर सांगत होते. कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क ४ वरूनच घेतलंय. अलीकडे तर वेब्लीच्या नावाचं रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनायला लागलं.

@मधली आळी, पिस्तुलाला मीही प्रमाणपत्र देत नाहीये. त्याचा खरा दोष मला चिखलापेक्षा काडतुसात दिसतो, आणि त्यावर कोणी बोलतच नाही. आरमारात .४५५ रिव्हॉल्व्हर आधीपासून होतं. नव्या पिस्तुलाचं काडतूसही .४५५, पण वेगळं : दाब जास्त, बुडाची कड अर्धवट बाहेर आलेली. त्या अर्धवट कडेमुळे ते जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतही जाऊन बसतं. घाईगर्दीत, अंधारात, एकाच खोलीत दोन्हींच्या पेट्या. म्हणून पेटीवर 'रिव्हॉल्व्हरसाठी नाही' असं छापावं लागलं. जो धोका कागदी इशाऱ्यानं टाळावा लागतो तो रचनेतच राहिलेला असतो. जर्मनांचं ९ मिमी कुठल्याही जुन्या आरमारी रिव्हॉल्व्हरला लागू पडत नव्हतं, हे खारवींच्या बाजूनं मान्य करतो.

आणि १९१५ मध्ये याच पिस्तुलाचा 'मार्क १ नंबर २' निघाला : लाकडी दस्ता, मागेपुढे करता येणारी साइट. रॉयल हॉर्स आर्टिलरी (घोड्यांवरचा तोफखाना) आणि रॉयल फ्लाइंग कोअर (तेव्हाचं ब्रिटिश विमानदल) यांच्यासाठी. बदनामीचा पाया इथे घातला गेला असं मला वाटतं. जहाजासाठी घट्ट बसवलेलं यंत्र तोफखान्याच्या घोडेस्वारांना फ्रान्सच्या मातीत वापरायला दिलं.

खारवी
मग ब्रिटिश आरमारानं वेब्लीच पुढे का नाही वाढवली? कोल्ट का घेतली?

गंजका खिळा
युद्धात हत्यारं पुरेनात, म्हणून. अमेरिकेनं मार्च १९११ मध्ये स्वीकारलेलं कोल्ट कारखान्यात भराभर बनत होतं. ब्रिटिशांनी ते आपल्या .४५५ काडतुसासाठी बनवून घेतलं, आधी आरमारासाठी, नंतर फ्लाइंग कोअरसाठी. कोल्टमध्येही नळी खाली सरकूनच सुटते, पण सांध्यांत मोकळीक ठेवलेली. कण गेला तरी यंत्र तो पचवतं.

कुठल्याही संग्रहालयात जुनं कोल्ट दिसलं तर उजव्या बाजूनं बघा. स्लाइडवर 'कॅलिबर ४५५' असा ठसा असेल तर ते ब्रिटिशांकडे गेलेलं. बहुतेक ठिकाणी डावी बाजू पुढे ठेवतात, त्यामुळे कपाटाला वळसा घालून आरशासारख्या मागच्या काचेत डोकवावं लागतं. पहारेकरी जरा विचित्र नजरेनं बघतात, पण हाकलत नाहीत.

निवृत्त नाविक
ठसा नीट बघितलात तर मॅगझिनचा तळही बघा. '.४५५ एली' (एली म्हणजे काडतुसं बनवणारी कंपनी) असं असलं तर मॅगझिन मूळचं. पुष्कळ ठिकाणी पिस्तूल एकीकडचं आणि मॅगझिन दुसरीकडचं असतं. आमच्याकडे तर त्यावरून हजेरीच घेतली असती.